किंगडा काच्या जागेवर काय उभं राहतंय?

वृंदा_एडिसन

नमस्कार मंडळी. इथे न्यू जर्सीतले बरेच जण आहेत, आणि राइडची मनापासून आवड असणारेही आहेत, म्हणून विचारते.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लेकाच्या उंचीच्या रेघा आहेत. सगळ्या पेन्सिलीच्या, एकच लाल. ती जमिनीपासून बरोबर साडेचार फुटांवर आहे आणि तिच्या शेजारी त्याने सात वर्षांचा असताना 'किंगडा का' असं लिहून ठेवलंय. जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अ‍ॅडव्हेंचर पार्कातल्या त्या उंच रोलर कोस्टरला किमान उंची ५४ इंच लागायची. आम्ही टर्नपाइक सोडून १९५ नंबरच्या महामार्गाला लागलो की झाडांच्या शेंड्यांवर तो मनोरा दिसायला लागायचा आणि मागच्या सीटवरची बडबड एकदम थांबायची.

२०२४ च्या ऑक्टोबरात तो लाल रेघेच्या अर्धा इंच खाली होता. संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ हातात घेऊन चौकटीला पाठ लावून उभा राहिला, तेव्हा रेघ ओलांडली होती. पण किंगडा काची शेवटची फेरी १० नोव्हेंबर २०२४ लाच झाली होती, आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला पहाटे सुरुंग लावून मनोरा पाडला. तो व्हिडिओ त्याने माझ्या फोनवर परत परत पाहिला. रडला नाही. रात्री झोपताना म्हणाला, "आई, आता तिथे काय बांधणार?"

तेव्हापासून घरात हाच विषय. कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केलं ते एवढंच, की २०२६ मध्ये त्या जागी नवीन लाँच कोस्टर येईल आणि ती एकाहून जास्त जागतिक विक्रम मोडेल. शाळेत तर प्रत्येकाकडे आपापली बातमी आहे. एक म्हणतो पाचशे फूट. दुसरा म्हणतो किंगडा काचेच रूळ परत वापरणार. तिसऱ्याच्या दादाने म्हणे आराखडाच पाहिलाय. हा रोज संध्याकाळी चौकोनी रेघांच्या वहीत नवीन चित्र काढतो आणि मला विचारतो, "असं होऊ शकतं का?" मी वाणिज्य शाखेची. मला त्याला उगाच 'हो हो' म्हणायचं नाहीये. दहा वर्षांचा आहे, मनापासून विचारतो, तर उत्तरही खरं मिळायला हवं.

तर सांगाल का, अशा बांधकामाकडे बघून काय येतंय ते ओळखतात कसं? आणि तुमचा स्वतःचा अंदाज काय?

तुफानमेल

वृंदाताई, मी २०१६ ते २०१९ दर उन्हाळ्यात किंगडा कावर बसलोय. साडेतीन सेकंदांत ताशी १२८ मैल. सीटला पाठ चिकटायची, डोळ्यांतलं पाणी कानाकडे जायचं आणि काही कळायच्या आत आपण ४५६ फुटांवर. तिथून क्षणभर अख्खं जंगल दिसायचं.

माझं मत सरळ आहे. २००५ पासून जगातली सगळ्यात उंच कोस्टर जर्सीत होती, ती पाडली तर तिच्या जागी त्याहून उंचच यायला हवी. विक्रम मोडणार म्हणतात म्हणजे उंचीचाच, दुसरा कुठला? पाचशे फूट म्हणणाऱ्या पोराच्या बाजूने माझं मत. सौदीत किद्दियाला फाल्कन्स फ्लाइट नावाची कोस्टर बांधली, तीही सिक्स फ्लॅग्जच्याच नावाच्या पार्कात. मग इथे का नको?

खोपोलीकर

वृंदाताई, तुमच्या लेकाचा प्रश्न मला फार आवडला. मी न्यू जर्सीतच असतो, पोटापाण्याचं काम पाया घालण्याचं. इमारती, पुलांचे खांब, दोनदा पाण्याच्या टाक्या. राइडचं काम कधी हाताला लागलं नाही, पण कुठे राइडचा पाया पडतोय कळलं की कुंपणाशी जाऊन उभा राहतो.

ही सवय लहानपणची. आमच्या खोपोलीजवळ साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. सगळं गाव सुक्या मासळीच्या बाजाराला जायचं, मी दोन दिवस आधी जायचो. ट्रकमधून आकाशपाळण्याचे तुकडे उतरायचे. एक म्हातारे मिस्त्री जमिनीवर लाकडी ठोकळे मांडायचे, त्यावर लोखंडी पाय, मग ओळंबा सोडून बघायचे, मग एक ठोकळा काढून पातळ फळी सरकवायचे. परत ओळंबा. पाळणा अजून ट्रकमध्येच असायचा, पण ठोकळे किती लांब मांडलेत ते बघून मला कळायचं, यंदा मोठा पाळणा आलाय की गेल्या वर्षीचाच. जॅक्सनलाही मी हेच करणार आहे आणि तुमच्या लेकालाही हेच सुचवेन.

आधी जाहिरातीतल्या शब्दांकडे बघू. तुफानमेलराव, तुमची तळमळ पोचली, पण उंचीचं मला पटत नाही. फाल्कन्स फ्लाइटचे जाहीर आकडे आहेत १९५ मीटर उंची, ताशी २५० किलोमीटर, सव्वाचार किलोमीटरच्या आसपास लांबी. उंची, वेग, लांबी, तिन्ही तिकडेच गेले. किंगडा का १३९ मीटरची होती. जर्सीत १९५ मीटरच्या वर कुणी जाईल असं मला वाटत नाही, आणि कंपनी आपल्याच नावाच्या पार्काचा विक्रम लगेच मोडेल असंही वाटत नाही. मग विक्रम कसले? ज्यांच्या आधी विशेषण लागतं तसले. त्याच पार्कातली जर्सी डेव्हिल आठवा. २०२१ मध्ये आली तेव्हा 'एकाच रुळावर धावणाऱ्यांत' जगातली सर्वांत उंच, वेगवान आणि लांब. उंची १३० फूट, आणि त्याच पार्कात ४५६ फुटांचा मनोरा! विक्रम तिन्ही खरे होते, गट फक्त वेगळा होता. इथे कंपनीने 'लाँच कोस्टर' हा शब्द स्वतःहून घातलाय. म्हणून मला वाटतं विक्रम 'लाँच कोस्टरमध्ये सर्वाधिक अमुक' या धर्तीचे असतील.

आता लाँच म्हणजे काय ते लेकाला सांगा, कारण सगळी मेख तिथे आहे. किंगडा काला तेलाच्या दाबाचं यंत्र होतं. नायट्रोजन वायू दाबून ठेवायचा, त्याने तेल ढकलायचं, तेलाने मोटरी फिरायच्या, मोटरींनी भला मोठा रहाट फिरायचा आणि रहाटावरची तार गाडीला खेचायची. विहिरीवरचा रहाट त्याने पाहिला असेल तर लगेच कळेल. वेग सेकंदाला ५७ मीटर. वारा आणि घर्षण नसतं तर त्या वेगाने गाडी १६६ मीटर चढली असती. मनोरा १३९ चा. मधले सत्तावीस मीटर हवा, चाकं आणि वरून पलीकडे जायला लागणारा थोडा वेग यांच्यासाठी. समोरून जोराचा वारा आला की हिशेब तुटायचा आणि गाडी माथ्यापर्यंत जाऊन उलटी खाली यायची. त्यासाठी खाली चुंबकी ब्रेक होतेच. पण तार, तेल, रहाट यांची देखभाल भयंकर असते. आता बहुतेक नव्या लाँच राइडना विजेचे चुंबक लावतात. रुळाच्या मधोमध तारांची वेटोळी, गाडीखाली पट्ट्या, ओढायला काहीच नाही. फक्त एका झटक्यात तेवढा वेग देणं चुंबकांना महाग पडतं. म्हणून एकतर सरळ रूळ लांब ठेवतात, नाहीतर तोच तुकडा गाडी पुढे-मागे दोन-तीनदा ओलांडते.

आणि हे सगळं जमिनीवर आधी उमटतं.

अंतराअंतरावर जोडीने मांडलेले बुटके, सपाट माथ्याचे पाये सरळ ओळीत दिसले की तो लाँचचा किंवा ब्रेकचा पट्टा, नाहीतर स्टेशन. पायाचा माथा तिरका ओतलेला असेल तर त्यावरचा खांब कलता उभा राहणार, म्हणजे तिथे रूळ वळतोय आणि बाजूला जोर येतोय. सगळ्यांपासून सुटा, खोल, डझनावारी बोल्ट वर आलेला ठोकळा दिसला तर तो मनोरा. जॅक्सनची जमीन पाइन बॅरन्सच्या काठावरची, वाळूची. एवढ्या उंच खांबाला वारा उलथवायला बघतो, एका बाजूचा पाया दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूचा वर उपटायला लागतो. वाळूत तो उपटणारा जोर धरायचा तर खोल जावंच लागतं. सळईचा पिंजरा क्रेनने उचलून उभा करताना दिसला तर त्याची उंची नीट बघा. पिंजऱ्यावरून खड्ड्याची खोली कळते, आणि खोलीवरून वर काय चढणार त्याचा बराचसा अंदाज येतो.

बोल्टबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते मी रोज हाताळतो. माल, म्हणजे काँक्रीट, ओतायच्या आधी बोल्ट प्लायवूडच्या साच्यात अडकवून ठेवतात. साचा म्हणजे खांबाच्या तळाच्या प्लेटची हुबेहूब प्रत, तेवढीच भोकं, तेवढ्याच अंतरावर. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावून वरून चिकटपट्टी गुंडाळतात, नाहीतर सिमेंट बसतं. एका साइटवर साचा रात्रीतून जरासा सरकला, पाव इंचसुद्धा नसेल. सकाळी माल ओतला, महिन्याने खांब आला आणि बसेना. बारापैकी दोन बोल्ट भोकात जाईनात. खांब क्रेनला लटकलेला, खाली आम्ही सहा जण माना वर करून. शेवटी सगळा ठोकळा फोडावा लागला. त्या दिवसापासून साच्याला रात्री जाताना एकदा आणि सकाळी आल्यावर एकदा टेपने मापं घेतल्याशिवाय मी माल ओतू देत नाही. राइडमध्ये तर खांबावर कारखान्यातून वाकवून आलेला रूळ बसायचा असतो. तिथे थापाथापी चालतच नाही. म्हणून मी आराखडा पाहिलेल्या दादापेक्षा बोल्टांवर जास्त विश्वास ठेवतो.

माझा अंदाज: चुंबकांचा लाँच, एकाहून जास्त वेळा. उंची तीनशे फुटांच्या आगेमागे, चारशेच्या आतच. आणि किंगडा काचे रूळ परत वापरण्याचं विसरा. मनोरा सुरुंगाने पाडल्यावर त्यातलं लोखंड भंगारात जातं.

क्लीव्हलंडचा_नाना

खोपोलीकरांच्या चुंबकवाल्या मुद्द्याला ओहायोतून दुजोरा. सीडर पॉइंटला २००३ पासून टॉप थ्रिल ड्रॅगस्टर होती, ४२० फूट, ताशी १२० मैल, तेलाच्याच लाँचची. किंगडा काची थोरली बहीण म्हणा. ती बंद केल्यावर मनोरा तसाच ठेवला, मागे तेवढाच उंच उभा सुळका बांधला आणि चुंबक बसवले. गाडी आधी पुढे जाते ताशी ७४ मैलांनी आणि मनोऱ्यावर अर्ध्यातून परत येते, मग मागे सुळक्यावर १०१ ने, मग परत पुढे १२० ने आणि माथा पार. अंगणातल्या झोक्याला मोठ्ठा हेलकावा द्यायचा तर आपण जे करतो तेच.

मे २०२४ मध्ये टॉप थ्रिल टू या नावाने ती उघडली. आम्ही दोन्ही मुलांना घेऊन तिसऱ्या दिवशी गेलो होतो. मागच्या सुळक्यावर गाडी जाते तेव्हा तोंड जमिनीकडे असतं, आपण पट्ट्यांवर लटकलेले असतो आणि एक क्षण सगळं थांबतं. माझ्या धाकटीने माझी करंगळी इतकी घट्ट धरली होती की नखाचा वण दोन दिवस होता. जेमतेम आठवडाभर राइड चालली, मग गाड्यांमध्ये दुरुस्ती करायची म्हणून उरलेला अख्खा हंगाम बंद राहिली.

हे सांगायचं कारण, सीडर पॉइंटची कंपनी आणि सिक्स फ्लॅग्ज १ जुलै २०२४ ला एक झाल्या. म्हणजे आता दोन्ही पार्कांचे निर्णय एकाच छपराखाली होतात. एका जुन्या मनोऱ्याला नवं यंत्र बसवताना काय काय निस्तरावं लागतं ते त्यांनी नुकतंच पाहिलंय. जर्सीत मनोरा न ठेवता पाडला यात मला तरी तोच धडा दिसतो. नवीन काढायचं तर जमिनीपासून नवीन.

तरी एक सांगतो. किंगडा कासारखा तो एकच झटका, एकच डोंगर, आणि संपलं, त्यात जी मजा होती ती तीन हेलकाव्यांत नाही. दोन्हीवर बसलेला माणूस म्हणून बोलतोय.

वृंदा_एडिसन

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! खोपोलीकर, तुमचा प्रतिसाद मी लेकाला मोठ्याने वाचून दाखवला. रहाटाशी आल्यावर थांबवून म्हणाला, "सांगलीच्या आजोबांच्या मळ्यात आहे तसला?" तो आता वापरात नाही, पण आहे. आजोबांना लगेच फोन लावला आणि त्याने त्यांना किंगडा का कशी चालायची ते समजावलं. आजोबांनी विचारलं, तार तुटली तर? त्याचं उत्तर आमच्याकडे नाही.

अजून दोन प्रश्न, त्याच्याच शब्दांत. एक, रूळ आल्यावर राइड कुणी बनवलीय ते बघून कळतं का? दोन, नवीन राइडलाही ५४ इंचच लागतील का?

खोपोलीकर

आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे. गाडी तारेला थेट बांधलेली नसायची. तार एका छोट्या ढकलगाडीला जोडलेली आणि ती ढकलगाडी गाडीला ओढून न्यायची, वेग आला की मागे राहायची. तार तुटली तर ओढणं थांबणार, आणि गाडी मनोरा चढू न शकता परत येऊन चुंबकी ब्रेकवर थांबणार. त्या ब्रेकना वीज लागत नाही. तांब्याची पट्टी चुंबकाजवळून जोरात गेली की आपोआप अडते. घरी करून बघता येतं. तांब्याच्या पाइपमधून छोटा जोरकस चुंबक सोडा, इतका सावकाश खाली येतो की पोराला खरं वाटणार नाही.

रुळावरून बनवणारा बराचसा ओळखता येतो. स्वित्झर्लंडच्या बोलिगर आणि माबियार यांच्या रुळाला दोन नळ्यांच्या खाली जाड चौकोनी पेटीसारखा कणा असतो. तो पोकळ असतो, म्हणून त्यांच्या कोस्टर लांबूनही गर्जना करतात, आणि काही ठिकाणी आवाज कमी करायला त्यात वाळू भरतात. जॅक्सनला तुम्ही गेलात की नायट्रो आणि मेडुसा दोन्हींना हा कणा दिसेल. इंटामिन, म्हणजे ज्यांनी किंगडा का आणि एल टोरो बांधल्या, त्यांच्या मोठ्या स्टीलच्या राइडना नळ्यांची त्रिकोणी किंवा चौकोनी जाळी असते. जर्सी डेव्हिलचा एकच रूळ, तो आयडाहोच्या आरएमसी या कंपनीचा. लेकाला पार्कात नेऊन आधी हे तीन दाखवा. नुसती चित्रं बघून डोळा तयार होत नाही.

उंचीचं आत्ता सांगता येणार नाही. ती सीट आणि अंगावरचा दांडा कसा आहे त्यावर ठरते, राइड किती उंच आहे त्यावर नाही. नायट्रोही ५४ इंचांचीच आहे आणि ती २३० फूट चढते. म्हणजे लाल रेघ वाया गेलेली नाही, ताई. या हंगामात त्याला नायट्रोवर बसवा. पहिला उतार येईल तेव्हा तो सीटवरून उचलला जाईल, मांडीवरचा दांडा त्याला धरून ठेवेल.

डोंबिवलीची_मेघना

मी एवढ्यासाठीच लिहितेय की खोपोलीकरांनी खोपोलीच्या नायट्रोचा उल्लेखच केला नाही! इमॅजिकाची नायट्रो नावाने जर्सीच्या नायट्रोसारखी, पण जातीने मेडुसाची बहीण. पायाखाली फळी नसलेली, पाच वेळा डोकं खाली, ताशी १०५ किलोमीटर. बनवणारे तेच स्विस. मेडुसा १९९९ ची, जगातली पहिली बिनफळीची कोस्टर. तिच्यानंतर चौदा वर्षांनी तसली राइड खोपोली-पाली रस्त्याला आली. गाडी सुटायच्या आधी पायाखालची फळी सरकते आणि चप्पल काढायला का सांगितलं ते तेव्हा कळतं. बाजूला सह्याद्रीचे डोंगर, पावसाळ्यात हिरवेगार. माझ्या आईने साठीत बसून घेतलं, उतरल्यावर तिने फक्त पाणी मागितलं आणि म्हणाली, "परत जाऊ."

खोपोलीकर, तुम्ही ती बांधताना पाहिलीत का?

खोपोलीकर

पाहिली, मेघनाताई. २०१२ च्या दिवाळीत घरी गेलो होतो, सांगडेवाडीवरून एसटी जाताना खिडकीतून. त्या दिवशी मुद्दाम उतरलो आणि पुढच्या गाडीपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो. ज्या मुलखात मी लाकडी ठोकळ्यांवरचा आकाशपाळणा बघत वाढलो तिथे स्विस आराखड्याची कोस्टर येतेय, हे बघून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. साजगावचे मिस्त्री तेव्हा हयात नव्हते. त्यांना दाखवायला हवं होतं.

वृंदा_एडिसन

पाच आठवड्यांनी परत आले. काल जाऊन आलो. लेक नायट्रोवर दोनदा बसला. मी एकदा. उतरल्यावर त्याला बोलताच येईना, नुसता हसत होता. मग म्हणाला, "आई, खरंच उचललं!"

मेडुसाखाली उभं राहून त्याने चौकोनी कणा शोधला, जर्सी डेव्हिलचा एकच रूळ पाहिला. मग किंगडा काच्या बाजूला गेलो. मनोरा नाही, तेवढ्या आकाशाकडे मला बघवेना. तो मात्र सरळ कुंपणाच्या फटीशी. तिथूनच त्याने वहीत लिहून घेतलंय, तसंच देते:

"दोन एक्स्कॅव्हेटर, एक बंद. वाळू पिवळी, खाली ओली आणि काळपट. बोल्ट नाहीत. पिंजरा नाही. लाकडी खुंट्या १४. त्यातल्या ९ ना गुलाबी फीत. ४ ना लाल. १ ला काही नाही. जमिनीवर पांढऱ्या रंगाच्या रेघा. एका खुंटीवर सी ६.५ लिहिलंय. खोपोलीकर काकांना विचार, लाल म्हणजे मनोरा का?"

विचारते.

खोपोलीकर

चौदा खुंट्या मोजल्या आणि रंग वेगळे लिहिले, शाब्बास. माझ्या हाताखाली आलेल्या नव्या पोरांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो, ते त्याने आपणहून केलं.

लाल म्हणजे मनोरा नाही. या देशात खणायच्या आधी जमिनीखाली काय आहे ते रंगाने खुणावून घ्यावं लागतं. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी टेलिफोनच्या तारा. म्हणजे त्या चार लाल खुंट्या बहुधा जुन्या वीजवाहिनीच्या, कदाचित किंगडा काच्याच. नव्या राइडबद्दल त्या काही सांगत नाहीत. पांढरा म्हणजे इथे खणणार आहोत. गुलाबी म्हणजे सर्व्हेवाल्यांच्या तात्पुरत्या खुणा. आपल्याला हवेत ते गुलाबी आणि पांढरे.

सी ६.५ म्हणजे त्या खुंटीच्या खुणेपासून साडेसहा फूट खोल खणायचं. एफ असतं तर तेवढी भर घालायची. साडेसहा फूट मनोऱ्याला फार कमी. ते एखाद्या गटाराचं, रस्त्याचं किंवा जुना पाया काढायचं काम असू शकतं, एवढ्यावरून कोस्टरचं काही ठरवू नका. आणि खुंटी असते तिथेच खणत नाहीत, नाहीतर पहिल्या फावड्यालाच ती उडेल. ती बाजूला काही फुटांवर ठोकतात आणि ते अंतर तिच्यावर लिहितात, बहुतेक वेळा आकड्याभोवती गोल काढून.

पुढच्या वेळी दुर्बीण न्या. नऊ गुलाबी खुंट्यांवरचे सगळे आकडे, गोलातले आणि गोलाबाहेरचे, वेगवेगळ्या रकान्यांत उतरवून घ्यायला सांगा. आणि त्या एका रेघेत आहेत की वाकड्या जातात, ते कुंपणाच्या एकाच फटीतून बघून वहीत ठिपके काढून दाखवायला सांगा. फट मात्र दर वेळी तीच हवी.